खाडीचा चिखल, नगरची गच्ची

पहिली खोकी आली तेव्हा मला वाटलं, आत मासे सडलेत.

नगरमध्ये मनमाड रस्त्यापासून थोडं आत, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर आमची माती तपासायची प्रयोगशाळा आहे. मालक म्हणजे शेतीखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू एकट्या राहतात, आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. मी रसायनशास्त्र शिकले, लग्न होऊन नेवाशाच्या बाजूला गेले, नवऱ्याची बदली नगरला झाली तशी इथं कामाला लागले. साहेब नमुने घेतात, लोकांशी बोलतात, शिफारशी लिहितात. वजनं, भट्टी, बाटल्या, आकडे हे माझ्याकडे.

लोक प्लास्टिकच्या पिशवीत शेतातली माती घेऊन येतात. ऊसवाले येतात, कांदेवाले येतात, मिरजगावकडचे लिंबूवाले येतात. आम्ही त्यांना नत्र, स्फुरद, पालाश सांगतो. या कामात भोळं राहून चालत नाही हे मी पहिल्याच वर्षी शिकले. एक गृहस्थ अशी माती घेऊन आले, की तिच्यात काहीही लावलं तरी सोनं पिकेल. मी पिशवीत हात घातला, चिमूट हातावर चोळली, आणि विचारलं, "उकिरड्याजवळून घेतली का?" ते हसले. जमीन विकायची होती आणि गिऱ्हाइकाला कागद दाखवायचा होता. तेव्हापासून पिशवी समोर आली की मी आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, मग मातीकडे. माझी आई म्हणायची, "तुला दुधवाल्यानं दूध दिलं तरी तू आधी म्हशीला विचारशील." तिचं चुकत नव्हतं.

तर ती खोकी. कोकणात एका खाडीवर काम करणारी एक संशोधक बाई होती. तिकडच्या प्रयोगशाळेत गर्दी, म्हणून कुणा ओळखीच्यामार्फत तिनं आमच्या साहेबांना विचारलं, आणि साहेबांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. ते नुसते खुशीत होते. "आजवर आपण शेत तपासलं," ते म्हणाले, "आता समुद्र तपासू."

काम काय आहे ते तिनं मला फोनवर नीट समजावलं. खाडीच्या कडेनं खारफुटीचं रान असतं, तिवर आणि कांदळ. त्या झाडांच्या अंगात किती कार्बन साठलाय हे तिला मोजायचं होतं. झाडं तोडायची नाहीत. छातीच्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर घ्यायचा, उंची घ्यायची, आणि त्यावरून गणित करून झाडाचं कोरडं वजन काढायचं. त्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बन. हे ती तिथंच करत होती. पण झाडांपेक्षा मोठा साठा त्यांच्या पायाखाली असतो, ती म्हणाली. पानं, मुळं, काटक्या चिखलात गाडल्या जातात, तिथं हवा पोचत नाही, त्यामुळं त्या कुजून हवेत जात नाहीत, वर्षानुवर्षं तशाच राहतात. तो चिखल ती एका लांब पोलादी नळीनं खोलवरून काढायची, वरपासून खालपर्यंत त्याचे पाच तुकडे करायची आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत घालून आम्हाला पाठवायची. आम्ही तो वाळवायचा, वजन करायचं, दळायचा, मग भट्टीत जाळायचा. जाळल्यावर जेवढं वजन घटतं त्यावरून त्यात सजीवांचा अंश किती होता ते कळतं.

"खोली बदलू देऊ नका," तिनं दोनदा सांगितलं. "पिशवीवरचा नंबर म्हणजे खोली. तो चुकला तर सगळं गेलं."

मला ते थोडं टोचलं. नंबर चुकू देऊ नका हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिली खेप मी स्वतः केली. चिखल काळा, लोण्यासारखा मऊ, आणि वास असा की सडक्या अंड्यांची टोपली फुटावी. ओव्हनमध्ये ठेवला तर वास खिडकीतून थेट वर गेला. काकू पदर नाकाला लावून दारात उभ्या.

"खरं सांग गं, काय शिजवताय तुमी?"

"चिखल आहे काकू. समुद्राकडचा."

"चिखल कुनी शिजवतंय व्हय?"

मी त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि वर गेल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे पायऱ्यांवरच्या पावलांवरून कळत होतं. त्यानंतर कुरियरवाला आला की वरच्या गॅलरीत त्या हमखास उभ्या असायच्या.

त्या खेपेचे आकडे छान आले. छान म्हणजे वेगवेगळे आले. वरचा तुकडा एक सांगायचा, खालचा दुसरंच. कुठं मधेच मुळांचा जाड थर लागायचा आणि आकडा उडी मारायचा. एका जागेचा चिखल दुसऱ्या जागेसारखा नव्हता. मी आकडे पाठवले, तिनं "धन्यवाद" एवढंच लिहिलं.

दुसरी खेप वैशाखात आली, नेमकी मी नसताना. नणंदेच्या मुलाचं जावळ होतं, म्हणून मी नेवाशाला गेले होते. परत आले तर टेबलावर सगळे ट्रे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात राखाडी पडलेला वाळका चिखल, प्रत्येकासमोर नंबराची चिठ्ठी.

"काकूंची कटकट नको म्हणून गच्चीवर उन्हात वाळवला," साहेब म्हणाले. "तुमचं निम्मं काम झालंय."

"ओल्याचं वजन घेतलं होतं ना?"

"घेतलं ना. लिहून ठेवलंय."

मी ओव्हनमध्ये घालून उरलीसुरली ओल काढली आणि एकेक ट्रे काट्यावर ठेवायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ट्रेला माझा हात थांबला. सगळ्यांची वजनं जवळजवळ सारखी. ओल्याची वजनं कमीजास्त होती, वाळल्यावरची मात्र एकाच आईची लेकरं. दळून भट्टीत जाळलं, तर तिथंही तेच. वरचा तुकडा, खालचा तुकडा, खाडीच्या तोंडाजवळची जागा, पार आतली गावाजवळची जागा, सगळीकडे एकच आकडा. दशांशात फरक, तेवढाच.

मी काटा तपासला. भट्टी थंड करून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते लगेच आलं, आणि आलं ते घट्ट बसलं. ही बाई दमली असणार. चिखलात उतरायचं, ओहोटीची वाट बघायची, नळी खुपसायची, कोण करतंय? तिनं एका सोयीच्या जागी बादलीभर चिखल काढला असणार आणि पिशव्या भरून मोकळी झाली असणार. उकिरड्याच्या मातीवाल्या गृहस्थात आणि तिच्यात मला काही फरक दिसेना.

साहेबांना मी तसं सांगितलं. ते खिडकीजवळ उभे होते. एरवी मी कुठल्याही नमुन्यावर शंका काढली की ते तासभर वाद घालतात, त्यांना त्यात मजा येते. त्या दिवशी ते बाहेर बघत म्हणाले, "असेल. आपण काय, आलं ते तपासायचं."

"मग तिला तसं कळवू?"

"कळवायचं तर कळवा."

मला तेव्हा वाटलं, उन्हानं थकलेत.

मी तिला फोन केला. शब्द जपून वापरले, तरी अर्थ लपत नव्हता.

"या खेपेचे सगळे नमुने एकसारखे आलेत," मी म्हणाले. "म्हणून विचारते, काढताना काही अडचण आली होती का?"

"कसली अडचण?"

"म्हणजे वेगवेगळ्या जागांचेच आहेत ना ते?"

मग ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"मी आकडे काय म्हणतात ते सांगतेय."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी येते."

ती खरंच आली. रात्रभर एसटीनं प्रवास करून सकाळी आमच्या दारात उभी, हातात बर्फाची पेटी. मला वाटलं होतं त्यापेक्षा वयानं लहान, उन्हानं रापलेली, पायाच्या घोट्यांवर बारीक बारीक चिरा. नंतर तिनं सांगितलं की खडकावरच्या कालवांच्या कवचांनी त्या कापल्या जातात. आल्या आल्या तिनं चपला काढल्या आणि नमस्कार केला. पण तिचे डोळे आधीच खोलीभर फिरायला लागले होते. ओव्हनवरचा तापमानाचा आकडा बघितला. काट्याखालची फरशी हलते का ते पायानं दाबून बघितलं. बेसिनमध्ये वाकून बघितलं.

बेसिनमध्ये काय बघत होती ते मला कळलं. आम्ही चिखल तिथं ओतून देतो आणि आकडे खुर्चीत बसून लिहितो, असं तिला वाटत होतं.

"चहा घ्या," मी म्हणाले.

"नको. माझ्याकडे पाणी आहे."

तिनं पेटी टेबलावर ठेवली. "मी नळी उभी चिरते," ती म्हणाली. "अर्धा भाग पाठवते, अर्धा माझ्याकडे फ्रीजरमध्ये असतो. हा तो दुसरा अर्धा, सगळ्या जागांचा नाही, दोन जागांचा. आता हे माझ्यासमोर करा. सुरुवातीपासून."

साहेब आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "अहो, एवढं कशाला, आम्ही करून कळवलं असतं."

"मी थांबते," ती म्हणाली.

आणि ती थांबली. तिच्या नात्यातल्या कुणाचं तरी घर सावेडीत होतं, तिथं फक्त झोपायला जायची. चिखल वाळायला वेळ लागतो, तेवढे दिवस ती सकाळी आमच्याआधी येऊन पायरीवर बसलेली असायची. मी ओव्हनचं दार उघडलं की ती उठायची. मी ट्रे काट्यावर ठेवला की आकडा मी मोठ्यानं म्हणायच्या आत तिच्या वहीत उतरलेला असायचा. मीही तिच्यावर नजर ठेवून होते. ती पेटीजवळ गेली की मी काही तरी कारण काढून तिकडं जायची. एकदा आम्ही दोघींनी एकाच वेळी फडक्याला हात घातला आणि दोघींनीही तो मागं घेतला.

दिवसभर एका खोलीत गप्प किती बसणार? दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "एकट्या जाता का खाडीत?"

"होडीवाला असतो. पण चिखलात मीच उतरते. गुडघ्यापर्यंत पाय जातो, मग तो काढायला गेलं की दुसरा जातो. ओहोटी लागल्यावर जायचं आणि पाणी परत यायच्या आत निघायचं."

"भीती नाही वाटत?"

"चिखलाची नाही. लोकांची वाटते कधी कधी. मी झाडाला टेप लावून उभी असले की गावातले विचारतात, कोणाकडून आलात? एकाला वाटतं मी जेट्टी बांधणाऱ्यांची, दुसऱ्याला वाटतं मी वनखात्याची, झाडाला हात लावला म्हणून केस करणार. एकदा माझ्या झाडांवरच्या खुणेच्या पट्ट्या कुणी तरी सगळ्या काढून टाकल्या. पुन्हा पहिल्यापासून घेर मोजले."

"मग त्यांना सांगायचं ना, काय ते."

"सांगते. कार्बन मोजते म्हटलं की त्यांना जास्तच संशय येतो. झाडात कोळसा आहे का, विचारतात."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मी डबा उघडला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. तिनं मान हलवली आणि पिशवीतून स्वतःचे पोहे काढले. मला राग आला. माझ्या भाकरीत मी काय कालवणार होते?

शेवटी मुशी, म्हणजे नमुने जाळायच्या वाट्या, भट्टीतून निघाल्या, थंड झाल्या, काट्यावर चढल्या. पहिल्या दोन आकड्यांनाच उत्तर मिळालं. वरचा तुकडा वेगळा, त्याच्या खालचा वेगळा. तिसऱ्यात मुळांचा थर होता, तिथं आकडा एकदम चढला. दुसरी जागा पहिलीपेक्षा निराळी. पहिल्या खेपेसारखंच सगळं वरखाली, जसं असायला हवं तसं.

ती खुर्चीत मागं टेकून बसली. मग माझ्याकडे वळली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आधीचे आकडे कुठून आणले?"

मी म्हणाले, "जे आलं ते जाळलं आणि लिहिलं."

"मी एकसारखा चिखल पाठवला नव्हता. तुम्हीच आत्ता बघितलंत."

"बघितलं."

"मग?"

साहेब पुढं आले आणि म्हणाले, "ओव्हनचा काही तरी घोटाळा असेल. जुना झालाय." ते म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तिनं उरलेल्या सगळ्या पिशव्या, दळलेल्या भुकटीसकट, पेटीत भरल्या. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "राहू द्या." आणि एसटी स्टँडकडं निघून गेली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी नीट बोलले नाही. ओव्हन जुना झालाय म्हणे. त्याच ओव्हननं आत्ता तिच्यासमोर बरोबर काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आमची ठरलेली माती, जिचे आकडे मला तोंडपाठ आहेत, ती त्यात वाळवली, जाळली. आकडे जिथल्या तिथं. यंत्रं सरळ होती. म्हणजे कुणी तरी माणूस होता.

मी मनातल्या मनात एकेकाला समोर उभं केलं. झाडलोट करणारी मावशी मी गेले तेव्हा सुट्टीवर होती. कुरियरवाल्याला पिशव्या फोडायचं कारण नव्हतं. मग माझ्या डोळ्यांसमोर गॅलरीतल्या काकू आल्या. गच्ची त्यांची. वासाचा राग त्यांचा. चिखल वाळत होता तो त्यांच्या डोक्यावर. जिना त्यांच्या दारातून जातो. मला वाटलं, सापडलं.

मी वर गेले. त्या शनिवारच्या तयारीत होत्या, शिंगणापूरला न्यायचं तेल बाटलीत ओतत होत्या. मी आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"काकू, तुम्ही गच्चीवरच्या चिखलाला हात लावला होता का?"

त्यांनी बाटली खाली ठेवली. "मी? मी हात लावीन व्हय त्या घाणीला? आन् तू मलाच इचारतीस?"

"तसं नाही..."

"तुझ्या साहेबाला इचार की. त्योच बसला हुता त्या दिशी उन्हात, माझा खराटा घिऊन."

"कुठल्या दिवशी?"

"तू जावळाला गेल्तीस तवा. दुपारची लई मोठी वावटळ आली. माझी दोरीवरची लुगडी त्या पल्याडच्या आवारात जाऊन पडली. वर पातेली पडल्यावानी खडाखड आवाज आला म्हनून म्या जिन्यातनं डोकावलं, तर ते तुमचं ताटलं समदं उलथं-पालथं. आन् गच्चीभर ढेकळं. म्हातारा डोक्याला टोपी न्हाई, काय न्हाई, गुडघ्यावर बसून गोळा करतोय. समदं एका जागी लोटलं, चुरून कालवलं आन् मग बाजारात भाजीवाली वाटे लावती ना, तसे वाटे लावले. एकेका ताटल्यात एकेक वाटा. आन् वर चिठ्ठ्या मांडल्या."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मला वाटलं अफू-बिफू हाय. एवढं जपून कोन चिखल गोळा करतंय? म्या म्हनलं, आपन बघितलं हे कळलं तर उगा झंझट. पोराला फोन करून इचारनार हुते, पोलिसात सांगू का म्हनून."

मी खाली आले. साहेब घरी गेले होते.

रात्रभर मला एकच गोष्ट छळत राहिली. वावटळ आली, ट्रे उडाले, हे समजू शकते. नगरच्या उन्हाळ्यात काहीही उडतं. पण मी त्यांच्यासमोर उभी राहून त्या पोरीला खोटारडी म्हणत होते, आणि ते खिडकीबाहेर बघत "असेल" म्हणाले.

सकाळी ते आले, टोपी खुंटीला अडकवली, अगरबत्ती लावली. मी अगरबत्ती होईपर्यंत थांबले.

"साहेब, गच्चीवर वावटळीत ट्रे उलटले होते ना?"

त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती तशीच राहिली. "काकूंनी सांगितलं?"

"हो."

ते वळून खुर्चीत बसले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. हात मांडीवर ठेवले. "मला ओळखता येईना कुठलं ढेकूळ कुठल्या ट्रेमधलं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या एकीकडं, माती एकीकडं. बराच वेळ प्रयत्न केला. मग म्हटलं, आपण शेताचा नमुना काढतो तेव्हाही चार ठिकाणची माती मिसळतोच की. चिखलच तो. कोण बघतंय."

"ती बघत होती."

"हो."

"तुम्ही मला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तिला फोन करायच्या आधी."

"सांगणार होतो. ताई, एवढ्या नोकरीत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही हो."

"मग तिच्याकडं दाखवलेलं चाललं?"

बाहेर एक शेतकरी मातीची पिशवी घेऊन आला होता, त्याला मी दहा मिनिटं बसायला सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "लावा तिला फोन. मी बोलतो."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि दाराबाहेर गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं ऐकू आलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वावटळ, खराटा, वाटे, चिठ्ठ्या, सगळं सांगितलं. मधे एकदाच म्हणाले, "त्या बाईंची काही चूक नाही, त्या इथं नव्हत्याच." ती बाई म्हणजे मी.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी आत गेले.

"काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, पहिल्या खेपेचं काय."

मला आधी राग आला आणि मग नाही आला. पहिली खेप मी केली होती, एकेक ट्रे माझ्या हातानं. पण तिनं ते कशावरून मानायचं? मी तिच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. एकदा एका पिशवीत हात घालून उकिरडा लागला की बाकीच्या पिशव्या कुणी डोळे मिटून घेत नाही.

ती पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा आली. पहिल्या खेपेचे राखलेले अर्धे भाग घेऊन आली, आणि आम्ही ते सगळे नव्यानं केले, तिच्यासमोर, साहेबांना बाहेर बसवून. कुणी बसा म्हणालं नव्हतं, ते स्वतःच लोकांच्या बाकड्यावर जाऊन बसले होते. आकडे जुळले. एक नमुना थोडा हटला, तो आम्ही दोन वेळा परत केला, मग तोही बसला. शेवटचा आकडा वहीत लिहून ती म्हणाली, "जुळतंय." आणि मग, बऱ्याच वेळानं, "चहा असेल तर घेईन."

मी चहा केला. तिनं कप नाकाशी नेऊन बघितल्यासारखं मला वाटलं, पण ती कदाचित वाफेवर फुंकर घालत असेल. आम्ही बाहेर पायरीवर बसून प्यायलो. काकू वरून बघत होत्या. मी वर बघून म्हणाले, "काकू, अफू नाही, चहा आहे." गॅलरीतून उत्तर आलं नाही, पण आतून दार लावल्याचा आवाजही आला नाही.

तिचं काम अजून चालू आहे. आता येणाऱ्या प्रत्येक पिशवीच्या तोंडावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर आडवी तिची सही. पट्टी उचकटली तर सही फाटते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला अपमान वाटला होता. आता मी पिशवी फोडायच्या आधी सहीचा फोटो काढून तिला पाठवते, आणि तिच्याकडून अंगठा येतो. दोघींनाही त्याशिवाय चैन पडत नाही. मधे एकदा तिनं एका तिवराच्या झाडाचा फोटो पाठवला, चिखलातून वर आलेली मुळं, बोटांएवढी, शेकड्यांनी, आणि खोडाला लावलेली तिची टेप. खाली लिहिलं होतं, "या एकदा." मी अजून गेलेले नाही. पण नवऱ्याला ओहोटीच्या वेळा कशा बघतात ते विचारून ठेवलंय.

साहेब पूर्वीसारखेच येतात, अगरबत्ती लावतात, ऊसवाल्यांशी तासतासभर बोलतात. त्यांचा हात माझ्या कामाला लागला की मात्र मी आता बघते. जेवून आले की ट्रे मोजते, चिठ्ठ्या वाचते. ते त्यांना दिसतं. मी थांबवू शकत नाही आणि तेही काही म्हणत नाहीत. परवा टेबलावर खाडीच्या नव्या खेपेचे ट्रे होते आणि त्यांना तिथं कांद्याच्या शेताची माती ठेवायची होती. मी दुसरीकडं होते. त्यांनी ट्रेला हात लावला नाही. तिथूनच हाक मारली.

"ताई, हा एवढा ट्रे पलीकडं सरकवू का?"

प्रयोगशाळा त्यांची, टेबल त्यांचं.

"थांबा," मी म्हणाले, "आधी वजन करून घेते." आणि ते पिशवी हातात धरून, मी वजन करेपर्यंत, तिथंच उभे राहिले.